सगळी माणसं माझ्याच उंचीची

८ ऑगस्ट २०११
आर्किटेक्चरचा पहिलाच आठवडा आणि जेवणाचं टेबल कामातून गेलं! पुठ्ठ्याचं घर करायला दिलं होतं. कटर पुठ्ठ्यातून आरपार – टेबलावर वीतभर चरा. बाबांनी चष्मा लावून चरा पाहिला, मग चष्मा काढून मला पाहिलं.

शेवटी आईने स्वयंपाकघरातली फळी दिली. ओट्यासमोर जमिनीवर कायम पडलेली असते ती. जाडजूड, जुनी. मी आणि दादा तिला ठेचकाळतच मोठे झालो. "घेऊन जा," म्हणाली, "नाहीतरी सगळ्यांच्या पायात येते." कापायला झकास आहे.

२१ जानेवारी २०१२
नकाशात माणूस काढावाच लागतो, नाहीतर इमारत केवढी ते कळत नाही. बाकीचे पुस्तकातली माणसं उतरवतात. मी दादाला माझा फोटो काढायला लावला आणि स्वतःचीच आकृती ट्रेस केली – पाच फूट दहा इंच, हात खिशात. आता माझ्या बसस्टॉपवर मी, शाळेत मी, मासळीबाजारात मी. आई हसली. म्हणे, उंचीत अगदी बाबांच्या वळणावर गेलीस.

१७ मे २०१६
नापास.

पाच वर्षांचा शेवटचा प्रकल्प, गावासाठी छोटा दवाखाना. मॉडेल बघायला कॉलेजातल्या इतर वर्गांची मुलंही आली होती. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई अगदी ठेंगण्या. माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग उठल्या, माझाच टेप घेऊन भिंतीवर चार फुटांवर खडूने रेघ मारली. "हा तुमचा नाव नोंदवायचा काउंटर ना?" आणि रेघेला हनुवटी टेकवून उभ्या राहिल्या. "मी आजारी आहे. नाव घ्या."

मी हसले. दुसरं कोणीच हसलं नाही.

"नकाशातली सगळी माणसं एकाच उंचीची कशी?" – माझीच आकृती आहे, मॅडम. – "म्हणजे दवाखाना तुमच्या एकटीचाच." मग एकेक निघत गेलं. खिडक्या उंच, कठडे उंच, औषधांच्या फळ्या तर आभाळात. सहा महिन्यांनी पुन्हा यायचं. तेव्हाही हुकलं तर डिग्री नाही, आणि डिग्री नाही तर परवाना विसरा.

१९ मे
दोन दिवस रडले. पुरे झालं. चूक माझी आहे आणि चांगली ठसठशीत आहे. पाच वर्षांत मला कोणी बुटका दिसलाच नाही!

५ जून
टेप घेऊन गल्ली पालथी घातली. उंची, डोळे, कोपर, हात कुठवर पोचतो – सगळं वहीत. पोस्टमन टाचा उचलत होता, दोनदा पकडला. शेजारचे आजोबा म्हणाले, "तरुणपणी पाच-आठ होतो, तेच लिही." व्हीलचेअरवरच्या शिंपीणकाकूंनी उलट माझंच माप घेतलं आणि बाह्या आखूड आहेत म्हणून बोलणी ऐकवली.

आजवर त्रेचाळीस माणसं झाली. आई तेवढी हाताला लागत नाही. "माझं काय मापायचंय? दूध उतू जाईल."

२६ नोव्हेंबर
पास! पास! पास!

त्याच बाई. नकाशावर बोट ठेवून माणसं मोजली. टाचा उचललेला पोस्टमन सापडला तेव्हा खुदकन हसल्या. काउंटर दोन उंचींचा केलाय, त्यावर बराच वेळ थांबल्या. शेवटी विचारलं, "यात तुम्ही कुठे?" मी स्वतःला काढूनच टाकलं होतं. "एका कोपऱ्यात ठेवा. एखादी डॉक्टर उंच असू शकते." मला त्या फार आवडल्या.

३ एप्रिल २०१८
ऑफिसात माझं नाव 'टेप' पडलंय. कोणी ग्राहक आला की साहेब हाक मारतात, "टेप, ये, पाहुणे उभे आहेत." परवान्याच्या परीक्षेला अजून नऊ महिने.

११ फेब्रुवारी २०१९
परवाना आला! माझं नाव, त्याखाली नंबर, गोल शिक्का. आजपासून नकाशावर माझी सही चालते. दादाने शिक्का घेऊन स्वतःच्या कपाळावर मारला.

बाबा म्हणाले, "पहिलं काम घरचं. स्वयंपाकघर नवीन कर. फक्त ओट्याला हात लावू नकोस. मिस्त्रीसमोर मी स्वतः उभा राहून उंची ठरवलीय त्याची." केवढे खूश होते. मीही हो म्हटलं.

१२ फेब्रुवारी
आज आईला पकडून मापलंच. चार फूट आठ. ओटा सदतीस इंच, तिचं कोपर पस्तीसवर.

"इतक्या उंच ओट्यावर इतकी वर्षं काम कसं केलंस गं?"

"पूर्वी फळी होती ना उभं राहायला," ती म्हणाली.

फळी माझ्या टेबलावर आहे. साडेसात वर्षं.