सखू सिस्टरची घरभेट

३० जानेवारी, गुरुवार

सकाळी चहा देताना आईने माझं नाव विचारलं. अनंता, म्हटलं. आईचं नाव? सखू. "अगंबाई, माझंही सखूच!" इतकी खूश झाली की मीही झालो.

अलिबागच्या डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात आजाराचं नाव सांगितलं — अल्झायमर. संस्कृतात एम.ए. केल्यामुळे 'स्मृतिभ्रंश' हा शब्द मला तीस वर्षं ठाऊक. भारदस्त शब्द! घरात शिरला तेव्हा मात्र ओळखू आला नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

आजार एक, निदानं तीन.

बहीण दीक्षा, खारघरहून फोनवर: "दादा, हा मेंदूचा आजार आहे, यात लाजण्यासारखं काहीही नाही. आणि कुणाला सांगू नकोस!" दोन्ही वाक्यं एका श्वासात.

मामा: "सरकारी नोकरीत डोकं फार वापरलं तिने. झिजलं." सरकारी नोकरीवर हा आरोप मी प्रथमच ऐकला.

शेजारच्या येसूबाई, मासळीची पाटी उतरवता उतरवता: "कसला आजार रे मेल्या? म्हातारी परत न्हान झाली. घरात न्हान पोर हाय नि तू तोंड पाडून बसलायस!"

दीक्षाची भीती वेगळी. ९ तारखेला माझ्या रचनाला बघायला पनवेलचे लोक यायचेत. "आजीला झालं म्हणजे उद्या नातीलाही होईल, असं म्हणतील. मोडेल, दादा."

२ फेब्रुवारी, रविवार

सप्टेंबरात मी पेपरात लिहिलं होतं — 'विस्मरणाचा आजार लपवू नका'. आज कात्रण सापडलं. खणात तळाशी घातलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

ठरलं. त्या दिवशी आई दोन तास येसूबाईंकडे. रचना भडकली. "मग मीही तिकडेच बसते. त्यांना तुम्ही पोहे घाला, पाठवून द्या!" पण पोरीला तो प्रथमेश आवडलाय. पनवेलला नोकरीच्या ठिकाणी ओळख झाली, हे ती सांगत नाही, बापाला दिसतं. शेवटी तिला गप्प केलं. पटवलं असं लिहिणार होतो, पण इथे तरी खरं लिहावं.

येसूबाई: "ठेवते. पन म्हातारी काय चोरीचा माल हाय?"

८ फेब्रुवारी, शनिवार

आई तिथे बसणार कशी? युक्ती सुचली! तिला सांगायचं, उद्या पोलिओचा बूथ आहे. बत्तीस वर्षं आरोग्यसेविका. बूथ म्हटलं की अंगात ताप असला तरी उठायची. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन झोपतो आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

येसूबाईंच्या ओट्यावर टेबल मांडलं. आईला पांढरी साडी नेसवली. ताठ बसली — सखू सिस्टर!

पाहुणे अकराला आले. प्रथमेश आणि त्याचे आईवडील. जय भीम झाले, पोहे आले. "आजी दिसत नाहीत कुठे?" त्याच्या आईने विचारलं. "खारघरला, लेकीकडे," मी म्हणालो. किती सहज!

तेवढ्यात दारात पांढरी साडी.

मी विसरलो होतो — मीच! बूथवर पोरं आली नाहीत तर सिस्टर थांबत नाही, घरोघर निघते. बत्तीस वर्षांची पद्धत ती.

"घरात पाच वर्षांखालची किती?"

आईची नजर सगळ्यांवरून फिरली, प्रथमेशपाशी थांबली. त्याचा डावा हात धरून तिने करंगळी पाहिली. "खूण नाही! काय ओ, आई ना तुम्ही? डोस चुकवता आणि मग येता रडत!"

मी उठलो. पण त्याआधी रचना उठली. "ही माझी आजी. खारघरला नव्हती, शेजारी बसवली होती. तिला अल्झायमर आहे." मी पेपरात अर्धं पान घेतलं होतं. तिचं तीन वाक्यांत झालं.

"तोंड उघड, बाळा," आई म्हणाली. आणि त्या एकोणतीस वर्षांच्या इंजिनिअरने आ केला! चमच्याने कोकम सरबताचे दोन थेंब. माझ्या खिशातलं पेन काढून करंगळीवर खूण. "गुणी आहे. रडला नाही." कामाच्या पिशवीतला खडू काढून दारावर तारीख टाकली — १९९९ सालची.

प्रथमेश हसला, रचनाही. त्याची आई मात्र पोहे तसेच ठेवून उठली. वडील म्हणाले, "कळवतो."

१२ फेब्रुवारी, बुधवार

फोन नाही. दीक्षा: "सांगितलं होतं ना!"

बायकोने दारावरची तारीख पुसायला फडकं घेतलं. रचना म्हणाली, "राहू दे."

संध्याकाळी आईची माफी मागितली. "बूथ खोटा होता गं." ती म्हणाली, "पण एक पोर सुटलं असतं ना!"

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

फोन नाही. येसूबाईंनी बोंबील दिले, पैसे घेतले नाहीत. "पोरीला घाल. तुला न्हाय."

१६ फेब्रुवारी, रविवार

दुपारच्या एसटीने प्रथमेश आला. न कळवता. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा हात धरून. ते ओसरीवर टेकले आणि मला म्हणाले, "मास्तर, मुरुड आलं की उठवा हं."

प्रथमेश उभाच होता. "माझे आजोबा. त्या दिवशी तुमच्याकडे येताना आम्ही यांना आत्याच्या घरी बसवून आलो होतो."