आजोबांच्या आवाजाचा वेग

कुंडल, शुक्रवार संध्याकाळ

तिसऱ्यांदा पट्टा बदलून प्रोजेक्टर सुरू केला, तरी आजोबांचा आवाज चिरकाच. शाळेच्या उद्घाटनातलं त्यांचं भाषण, जुन्या फिल्मचं एकच रीळ. उद्या दुपारी शाळेत दाखवायचं आहे.

आई म्हणाली, "मामंजी असं बोलत न्हवतं."

जत्रेतल्या तंबू सिनेमात हयात घालवलेले दादू मिस्त्री वैतागले. "आवं वयनी, मोटारीचा वेग मोजलाय. सेकंदाला चोवीस चित्रं, बरोब्बर. मशीन खोटं बोलत न्हाई."

"मशिननं त्यास्नी ऐकलंय व्हय? मी ऐकलंय."

तो आवाज ऐकलेलं आता तिच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. मी कोणाचं खरं मानू? पुन्हा तोच चिरका आवाज, आईची मान पुन्हा आडवी. शेवटी मी तिच्यावर ओरडलो. मग जेवताना सुचलं, चित्रीकरणाच्या वेळी कॅमेराच हळू चालला असेल तर? मग चोवीसच्या वेगाने आवाज चिरकाच येणार. हे आधी का सुचू नये?

शनिवार सकाळ. मिस्त्रींनी कुरकुरत मोटार हळू केली. आवाज खाली उतरला, भरदार झाला. आईचा हात वर गेला आणि तिने डोक्यावर पदर ओढून घेतला. मिस्त्रींनी त्याच वेगावर मोटारीचा स्क्रू आवळला.