एक चमचा खत

२ नोव्हेंबर
सासरे आज मोठ्या मेव्हणीकडे गेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन. गच्चीवरचा पिवळा गुलाब माझ्या ताब्यात. सासूबाईंनी लावलेला. त्या गेल्यापासून सासरे त्याच्याशी रोज बोलतात. माझ्याशी बोलतात त्याहून जास्त, आणि गोड. जाताना बजावून गेले, महिन्यातून एकदा, बादलीभर पाण्यात एक चमचा खत, बाकी काही करायचं नाही. हे कुणाला? विज्ञानाच्या शिक्षकाला. मी नुसता हसलो.
संकल्प: ते परततील तेव्हा झाड फुलांनी लगडलेलं हवं. मग 'जावई' हा शब्द ते कोणत्या सुरात उच्चारतात ते बघू.

४ नोव्हेंबर
नववी ब. परासरण. फारच उत्तम शिकवलं. पेशीला पटल असतं, ते पाण्याला वाट देतं, पण विरघळलेल्या मीठ-साखरेला सहजासहजी सोडत नाही. म्हणून जिकडे द्रावण घट्ट, तिकडे पाणी धावतं. बेदाणे पाण्यात टाकले, टम्म फुगले. फुगलेले दाट पाकात टाकले, सुरकुतले. सुरकुतले असावेत. निरीक्षणाआधीच मागच्या बाकाने खाल्ले.
संध्याकाळी खत. पाकिटावरही एकच चमचा लिहिलाय. पाकिटं सामान्य माणसांसाठी छापतात. मी चार टाकले.

७ नोव्हेंबर
एकही कळी नाही. आज आठ चमचे, पाणी अर्धी बादली. उगाच खत पातळ कशाला करा. हिने विचारलं, बाबा एकच चमचा म्हणाले होते ना? मी समजावलं की त्यांची पिढी हात आखडूनच जगली. ही 'बरं' म्हणाली. लग्नाला सतरा वर्षं झाली, या 'बरं'चा अर्थ अजून लागलेला नाही.

१० नोव्हेंबर
पानांच्या कडा करपल्या. ऊन लागलं असणार. कुंडी सावलीत ओढली, कंबर धरली.
माती ओलीगच्च, तरी पानं मान टाकून. पाणी असून झाड तहानलेलं, हे चमत्कारिकच. म्हणजे तहान नव्हे, भूक. पुन्हा खत.

११ नोव्हेंबर, संध्याकाळी
कन्याही नववीत, सुदैवाने दुसऱ्या शाळेत. गच्चीवर येऊन शंका विचारली, समुद्राचं पाणी प्यायलं तर तहान वाढते कशी? मी खत ढवळता ढवळता सांगितलं, पेशीच्या बाहेर संहती जास्त झाली की आतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि पेशी आक्रसते. तिने टिपून घेतलं. मग कुंडीतल्या मातीवर साचलेल्या पांढऱ्या थराकडे बघत राहिली.
"बाबा, मग मुळांच्या बाहेर आत्ता काय आहे?"
अभ्यासाच्या वेळी झाडांकडे बघू नये, असं सांगून खाली पाठवली. हल्ली मुलांचं लक्ष एका जागी राहत नाही.

१३ नोव्हेंबर
पानं गळाली. सगळी. झाड नवी पानं आणायच्या तयारीत दिसतंय.
सासऱ्यांचा फोन. डोळे उत्तम, सगळं लख्ख दिसतंय, गुलाब कसा आहे? मी म्हणालो, झाडाने रूपच पालटलंय. यात एक अक्षर खोटं नाही. ही शेजारी उभी होती, फोन घ्यायला पुढे झाली नाही.
नंतर एकटीच गच्चीवर जाऊन आली. डोळे लाल. एवढंच म्हणाली,
"आईचं होतं ते."
  जेवण गेलं नाही. बहुधा पित्त.

१४ नोव्हेंबर
शाळेला दांडी. कुंडीत बादल्यांवर बादल्या साधं पाणी ओतलं. सगळं खत धुऊन काढलं. कन्येची कल्पना, पण बादल्या मी वाहिल्या. मूळ उकरून पाहिलं तर काळं, बोटाने दाबताच विरघळलं. फांदीवर नखाने ओरखडा काढला. आतून हिरवी हवी, निघाली तपकिरी. ओरखडे आणखी पाच-सहा काढले. प्रत्येक वेळी तपकिरी.

१६ नोव्हेंबर
सासरे आले. चहा न घेता थेट गच्चीवर. नव्या डोळ्यांनी आधी झाडाची उरलेली काठी पाहिली, मग कुंडीच्या काठावरचा पांढरा थर, मग मला. मी परासरण समजावायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला. मी थांबलो.
कुंडीशी बराच वेळ बसले. पुटपुटले काहीतरी, माझ्याशी नव्हे. मग उठून तळमजल्यावरच्या शिंप्याकडे गेले आणि त्याच्याकडे सांभाळायला ठेवलेली एक छोटी कुंडी घेऊन आले. त्याच गुलाबाची फांदी, मुळं धरलेली, वर तांबूस कोवळी पानं. ही रडायला लागली आणि रडता रडता हसली. माझ्याकडे बघून नव्हे, असं मी धरून चालतो.
फांदी कधी लावलीत, मी विचारलं.
"ऑपरेशन ठरलं आणि झाड तुमच्याकडे राहणार असं कळलं, जावईबापू, त्याच दिवशी."
सूर नीट लक्षात ठेवलाय. विचार करता वाटतं, हा एक प्रकारचा विश्वासच. इतक्या वर्षांत मला इतकं अचूक कुणी ओळखलं नव्हतं.
गच्चीची किल्ली मात्र मागून घेतली.