कंठाची खुंटी

३ तारीख, सोमवार
पोचलो एकदाचा! नोकरी पक्की, राहायला सभागृहाच्या मागची उन्हाची खोली. रविवारी बायको आणि आमची चिमणी आल्या की संसार लागला. चिमणी सहा वर्षांची, तोंडाचा पट्टा अखंड चालू.
आणि काम काय, तर दोन मजले उंच पाइप ऑर्गन! वाजवणाऱ्या बाईंनी एकेक खुंटी ओढून दाखवली. खुंटी ओढली की नळ्यांची एक रांग जागी होते. पहिली बासरीसारखी गोड, दुसरी सनईसारखी नाकात बोलणारी, तिसरीने तर खिडक्यांची तावदानं थरथरली. एका खुंटीवर ‘कंठ’ लिहिलंय. ती रांग माणसासारखी गाते म्हणे, पण सध्या आजारी आहे. तिच्या दुरुस्तीसाठीच मला बोलावलंय.

४, मंगळवार
कंठाच्या नळ्या काढल्या. धूळ, मेलेली झुरळं, उंदराच्या लेंड्या हे आमच्या धंद्यात आलंच, मी नाक मुरडणारा माणूस नाही. पण या नळ्या आतून ओल्या आहेत. फडकं फिरवलं तर पिवळट, चिकट, तार धरणारा शेंबूड निघाला. दुसरा शब्द नाही त्याला. वास न धुतलेल्या तोंडाचा. बाई म्हणाल्या, हवा दमट आहे. मी म्हणालो, दमट हवेला सर्दी होत नाही. त्या हसल्या नाहीत.

५, बुधवार
मधली एक नळी बोलेना. अशा वेळी आम्ही नळी तोंडाला लावून फुंकतो. वस्तादांनी लावलेली खोड, जाता जात नाही. पुसली, ओठ लावले, फुंकली.
नळीने उलट ओढलं. छाती रिकामी होईस्तोवर ओढलं, आणि मग काहीतरी कोमट, बुळबुळीत माझ्या जिभेवर सोडलं. थुंकायच्या आत ते घशाखाली उतरलं. शी! शी! तासभर बादलीवर ओणवा होऊन ओकत होतो. ते काही बाहेर आलं नाही.
संध्याकाळी सभागृहातल्या फोनवर चिमणीने विचारलं, बाबा, तू डब्यातून का बोलतोयस?

६, गुरुवार
नळी आता बोलते. बाईंनी पट्टी दाबली आणि आतून मी खाकरलो. माझंच खाकरणं, बायको ज्याला रोज नावं ठेवते ते. शेजारच्या नळ्यांतही माणसं आहेत, सगळ्यांच्या घशात कफ. बाई शांतपणे म्हणाल्या, आधीचे दुरुस्तीवालेसुद्धा फुंकूनच बघायचे.
माझा घसा बसलाय. अन्न जात नाही, प्रत्येक घास कुणीतरी चावून दिल्यासारखा लागतो.

८, शनिवार
आवाज गेला. पार गेला. बायकोला सांगायचं होतं, येऊ नका. फोन लावला, तोंड उघडलं — नुसती लाळ. तीच पिवळी. तिची तार रिसीव्हरपर्यंत —
ती हॅलो हॅलो करत होती. मागून कंठ वाजला. माझ्या आवाजात. या, या, लवकर या. ती हसली, उद्या येतोच म्हणाली, फोन ठेवला.
पत्र टाकून उपयोग नाही. उद्या फाटकात उभा राहणार.

९, रविवार
फाटकात होतो. त्या दोघी मागच्या रस्त्याने आल्या. बायको खोलीपाशी सामान उतरवतेय, आणि चिमणी — आतून मी हाक मारली, मी नाही, त्याने — ती पळत आत गेली. बाईंनी आतून कडी लावली.
दार ठोकतोय. ती ऐकते ती हाक, माझं ठोकणं नाही. आत माझा आवाज लाडात सांगतोय, चिमणे, ही छोटी नळी बघ, फुंकून दाखव बाबाला —
हे पान फाडून दाराखालून सरकवतो. तिला नुकती अक्षरं येतात. सोपं लिहितो.

बाळ, नको.
तो बाबा नाही.
बाबा बाहेर आहे.
बाळ, नळी नको, नळी न —