माझ्या मिरच्यांचे एकमत

सन्माननीय व्याहीसाहेब यांस,

सादर नमस्कार. आपला गुडघा एव्हाना जिना मान्य करू लागला असेल आणि विहीणबाईंचा खोकला ओसरला असेल, अशी आशा आहे. आम्ही उभयता कुशल आहोत. गच्चीविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे.

निवृत्तीनंतर मिरचीची एक निर्दोष जात सिद्ध करण्याचे मी मनावर घेतले, हे आपण जाणताच. पद्धत तर्कशुद्ध होती. कळ्यांना मलमलीच्या पिशव्या बांधायच्या (परक्या झाडाचे पराग आणणाऱ्या मधमाशीला आमच्याकडे प्रवेश नाही), सर्वांत सरळ झाडाचे बी राखायचे आणि जे रोप जरा वेगळे वागेल ते काढून टाकायचे. अखेर यंदा काढून टाकण्याजोगे एकही रोप उरले नाही. शेजारचे शिंपीबुवा रांग पाहून म्हणाले, "काका, ही झाडं आहेत की गणवेश?" इतकी नेमकी दाद मला तर्कशास्त्र शिकवताना कधी मिळाली नव्हती.

मग चुरडामुरडा आला. (पांढरी माशी हा रोग पसरवते, पाने आखडतात.) सामान्य बागेत अशा वेळी काही झाडे मरतात, काही तगतात, म्हणजे निव्वळ बेशिस्त. माझ्या झाडांत मतभेद नव्हता. सर्वांनी एकाच आठवड्यात, एकाच कोनात माना टाकल्या. प्रयोग इतका पूर्णत्वास गेलेला माझ्या पाहण्यात नाही. सौ. म्हणाल्या, "अहो, एखादं हट्टी झाड राहू द्यायचं होतं. मी नाही का घरात एक ठेवलंय?" या विधानातील तर्कदोष मी दाखवला, तोवर त्या स्वयंपाकघरात पोहोचल्या होत्या. राखलेले बी आहे, पण तेही त्याच मताचे.

विहीणबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद.

आपला स्नेहांकित

ता. क. : लग्नानंतर आपण प्रथम आलात तेव्हा मी दिलेले वाकडे रोप कसे आहे? मुलगी फोनवर म्हणाली, तिकडेही रोग आला, बाकीची झाडे गेली, हे मात्र लगडले आहे. आणि खाली सांडलेल्या बियांच्या रोपांत एकासारखे दुसरे नाही. कृपया एकही उपटू नये. प्रत्येकाचे एक पिकलेले फळ पाठवावे. माझी सारी मदार आता त्यांवर आहे.

आणखी एक : ते रोप मी रांगेतून काढून टाकलेले होते. (ज्या फळाच्या बियांतून ते उगवले, त्याच्या कळीवरच्या पिशवीची गाठ सुटली होती आणि मधमाशीने आपले काम केले होते.) देताना मी त्याच्या स्तुतीपर छोटे भाषण केले होते. त्यातील एकही विधान आता मागे घेण्याची गरज उरलेली नाही.

शेवटचे : यापुढे वाकड्यांनाही कुंडी मिळेल, असे सौ.ना वचन दिले आहे. त्यांची रांग मात्र सरळ असेल.