पाण्याने जागा बदलली

सदाशिव पेठ, पुणे
सप्टेंबर २००६

प्रिय गंधार,

आईचं पत्र, तेही पोस्टाने, म्हणून दचकू नकोस. आम्ही दोघं धडधाकट आहोत, जेवतो-खातो, भांडतो. तू घेऊन दिलेल्या कॉम्प्युटरवरून ई-मेल पाठवता आली असती, पण तिचा पासवर्ड बाबांकडे आहे, आणि मी टाइप करायला बसले की ते मागे उभे राहून माझं शुद्धलेखन तपासतात. जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईचं! फोनवर बोलावं, तर समोरच्या खुर्चीत बसून माझा चेहरा वाचत असतात. तेव्हा पोस्टाच्या पेटीशिवाय मला जागा उरली नाही. शांतपणे वाच. मी एक शपथ मोडायला बसले आहे, आणि ती तुझ्या नावाने घातलेली आहे.

परवा आम्ही बाबांच्या धबधब्यावर जाऊन आलो. गावाचं नाव या पत्रातही लिहीत नाही, त्यांचा नियम तुला ठाऊक आहे. ज्यांना नेलं त्यांनी कुणाला सांगायचं नाही, झाडावर खूण करायची नाही, दगडावर चुन्याचे बाण काढायचे नाहीत. कारखान्यातल्या एका मित्राने परत येताना एस.टी.त कंडक्टरला गावाचं नाव विचारून घेतलं, त्याला पुन्हा कधी बोलावलं नाही. तुला तो हिरडा आठवतो का? गाडीवाट संपते तिथला? पुढे सगळी पुरुषभर उंच कारवी, हात लांब केला तर आपलाच पंजा दिसत नाही, आणि पायवाट दर पावसाळ्यात नवी. म्हणून बाबा सगळ्यांना हिरड्याखाली बसवायचे, डोळे मिटायला लावायचे आणि गप्प करायचे. मग त्यांची मान जराशी कलायची, ते उठायचे आणि सरळ चालू लागायचे. कानाने वाट काढायची, हीच त्यांची पद्धत. तू एकदा नेमका तेव्हाच संत्रं सोलायला घेतलंस आणि त्यांनी तुझ्याकडे असं पाहिलं, की उरलेलं संत्रं तू सालीसकट खिशात कोंबलंस. ती हाफ पँट माझ्याकडून कधीच स्वच्छ निघाली नाही.

तेव्हा तू विचारायचास, बाबा रविवारी झोपत का नाहीत, सारखे तिकडे का जातात. ते म्हणायचे, कान धुऊन येतो. आठवडाभर कारखान्यात घणाखाली उभं राहायचं. तापलेल्या लोखंडावर घण पडला की जमीन हलायची म्हणे. कानात कापूस घालणाऱ्याला बाकीचे नवरी म्हणून चिडवायचे, मग आपले बाबा कशाला घालतायत कापूस! पुढे नवी यंत्रं आली, कॉम्प्युटर आले, आणि स्वेच्छानिवृत्ती नावाचा हार गळ्यात घालून त्यांना घरी पाठवलं. घण सुटला. पण त्याने जे न्यायचं ते तोवर नेलं होतं.

गंधार, बाबांना ऐकू येत नाही. कमी येतं असं नाही, शब्द येतच नाहीत. सुरुवातीला बातम्या देणारी मुलगी तोंडातल्या तोंडात बोलते म्हणाले. मग भाजीवाला, मग मी, मग सगळं पुणंच तोंडातल्या तोंडात बोलायला लागलं. शेवटी हट्टाने डॉक्टरांकडे नेलं. यंत्र घेतलं. ते घालून एक दिवस काढला, तर फोडणीचा आवाज अंगावर येतो आणि माणूस काय बोलतो ते तरीही कळत नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “काकू, मशीनने आवाज मोठा होईल, शब्द उमटणार नाहीत.” यंत्र आता देवघराच्या खणात आहे, कुंकवाच्या डबीशेजारी. माझ्याशी घरात निभतं, कारण इतक्या वर्षांच्या संसारात मी काय बोलणार हे त्यांना आधीच ठाऊक असतं. माझे ओठही त्यांना वाचता येतात. बाहेरच्यांशी ते बोलणंच टाळतात आणि लोक म्हणतात, पेन्शनीत गेल्यावर माणूस शिष्ट झाला.

दवाखान्यातून येताना, भर टिळक रस्त्यावर त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, गंधारला कळता कामा नये, तुला त्याची शपथ आहे. मी खूप समजावलं. तो काही परका आहे का, म्हटलं. तर म्हणाले, तो तिकडून, परदेशातून, काय करणार? नुसता जिवाला घोर. लहानपणी तुम्ही मुलं शपथ घालायचात आणि काम झालं की सुटली म्हणायचात, आठवतं? घालणाऱ्यानेच सुटली म्हणायची, नाहीतर ती मानेवर राहते. मी शिकलेली बाई, हसशील मला. पण गेलं वर्षभर तू बर्फातून गाडी चालवत ऑफिसला जातोस म्हटलं की मी हातातलं काम टाकून देवापुढे दिवा लावते.

तुला शंका आली नाही, यात तुझी काही चूक नाही. दुसऱ्या कुठल्याही घरात हे रविवारच्या दोन फोनांत उघडकीला आलं असतं. आपल्या घरात वर्ष निघालं, कारण तुझे बाबा फोनवर जन्मात कधी ‘हं’, ‘ठीक’ आणि ‘तुझं तू बघ’ यापलीकडे गेले नाहीत. ऐकू येत होतं तेव्हाही हेच, आणि आता येत नाही तेव्हाही हेच. तुझा फोन वाजला की मी खूण करते, ते उठून रिसीव्हर घेतात. तू बोलतोस तशी त्यांना कानात गुणगुण जाणवते. ती थांबली की ‘ठीक’ म्हणायचं. पुन्हा सुरू होऊन थांबली की ‘तुझं तू बघ’. मग घे आईशी बोल, म्हणून माझ्या हातात. रविवारी मात्र सकाळपासून दाढी करून बसलेले असतात.

मध्ये एक गंमत झाली. पेपरात आलं की तुझी कंपनी इकडे खराडीला ऑफिस काढते आहे. बाबांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मला काही न सांगता पीएमटीने खराडीला गेले. कारखान्यात होते तेव्हा तिथे शेतं होती म्हणे, ज्वारीची. आता काचेच्या इमारती. वॉचमनने आत सोडलं नाही, काय विचारतोय ते ह्यांना कळलं नसणार. उन्हातून आले आणि पाणीसुद्धा न पिता मला सांगायला लागले, सदाशिव पेठेतून गंधारला लांब पडेल, तेव्हा त्याने त्या बाजूलाच घर बघावं, सूनबाईला, तनयालाही, नोकरी तिथेच मिळेल. मी म्हटलं, अहो, तो येतोय असं कुणी सांगितलं तुम्हाला? तर म्हणाले, तो विषय काढेल. आपण काढायचा नाही. त्याच्यावर दडपण नको.

आता परवाचं सांगते. गणपती झाले, पाऊस जरा उघडला, तर म्हणाले, चल. स्वारगेटहून एस.टी. घेतली. शेवटच्या घरी यमुनाबाई अजून आहेत, आपण पिशव्या ठेवायचो त्याच. पार वाकल्या आहेत, पण कोरा चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत. तुझी चौकशी केली. म्हणाल्या, “सायब, यंदा पानी लई हाय. हितनंच आइकू येतंय बगा.” बाबा म्हणाले, “ठीक.” मी चहाचा कप तोंडाला लावून बसले.

हिरड्याखाली ते नेहमीसारखे बसले. डोळे मिटले, मान जराशी कलती केली. मीही मिटले. डावीकडून आवाज येत होता रे, शेजारच्या बिऱ्हाडात स्टोव्ह पेटावा तसा, एकसारखा. लहान मुलालाही कळला असता. बाबा उठले, पँट झटकली आणि उजवीकडे चालू लागले. अजिबात न घुटमळता. मी ओरडायला हवं होतं का? ओरडून ऐकू कुणाला जाणार होतं! दंडाला धरून वळवायला हवं होतं? माझा हात पुढे झालाच नाही. त्यांची पाठ ताठ होती आणि इतक्या वर्षांत मी त्या पाठीमागून कधी चुकले नव्हते. मी मागे मागे चालत राहिले. पाणी पाठीमागे बारीक होत गेलं. एका ठिकाणी थांबले, पुन्हा मान कलती केली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “आलंच जवळ.” तेव्हा मला तिथेच बसून रडावंसं वाटलं. कारवीत कुणी पाहणारं नव्हतं, तरी रडले नाही. गुडघा धरला. म्हटलं, अहो, मला पुढे चालू द्या, मी घसरले तर मागून तुमचं लक्ष राहील. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि बाजूला होऊन वाट दिली. मग मी लंगडल्याचं सोंग करत, हळूहळू वळसा घालत, आवाजाच्या मागे गेले. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या बाबांच्या पुढे चालले, आणि मला एक पाऊलही नीट टाकता येईना.

पोचलो. पाणी खरंच खूप होतं, अंगावर तुषार येत होते. बाबांनी तोंडावरचं पाणी पुसलं. मग म्हणाले, “यंदा पाण्याने जागा बदलली.” मी म्हटलं, हो. तिथल्या काळ्या कातळाला पाठ लावून ते बसले. कातळ पाण्याने थरथरतो ना, ते त्यांना जाणवत असावं. शर्ट पार भिजला तरी उठेनात. कान धुऊन झाले, असं काही म्हणाले नाहीत. आम्ही पोळी-भाजी खाल्ली. आणि डबा झाकता झाकता, इतक्या हळू की मलाच पाण्यात नीट ऐकू येईना, ते म्हणाले, “वासंती, गंधारने एकदाही विषय काढला नाही.”

गंधार, तू विषय काढला होतास. हे मला तेव्हा ठाऊक होतं. चारच दिवस आधी संध्याकाळी, बाबा फिरायला गेले असताना, तनयाचा फोन आला होता. बिचारी सहज बोलून गेली. कंपनी गंधारला खराडीला पाठवायला तयार होती, त्याने बाबांना विचारलं, येऊ का आम्ही परत, तुम्हाला बरं वाटेल का? आणि बाबा म्हणाले, ठीक, तुझं तू बघ. तो दाखवत नाही, पण त्याला फार लागलं आहे, दसऱ्याच्या आत कंपनीला नको म्हणून कळवणार आहे. हे पत्र पोचेपर्यंत तू कळवलंही असशील. तिथे त्या कातळापाशी मी काय सांगणार होते त्यांना? त्याने विचारलं होतं म्हणावं, तर तुम्हाला ऐकू गेलं नाही हे ओघाने आलंच. ज्या प्रश्नाची माणूस वर्षभर दाढी करून वाट बघत बसला, तो आपल्याच कानापर्यंत येऊन परत गेला, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? आणि नाही सांगितलं, तर मुलाला यायचंच नाही असं धरून ते जन्म काढतील. मला काही सुचत नाही रे. मी पाण्याकडे तोंड केलं, म्हणजे त्यांना ओठ दिसू नयेत, आणि म्हटलं, मी गंधारला सांगते, शपथ सुटली म्हणा. त्यांना माझी मान हललेली दिसली असणार, कारण ते म्हणाले, “ठीक.” या ठीकला काही किंमत नाही हे मला कळतं. पण तुलाही तसलंच ठीक मिळालं आणि त्यावर तू एवढं मोठं ठरवलंस, मग मी त्यावर एक पत्र लिहिलं तर काय बिघडलं? परत ये असं मी म्हणत नाही. ते तू आणि तनया ठरवा, आणि ठरवून झालं असेल तर तेही बरोबर. फक्त बाबांनी तुला नको म्हटलं असं मनात ठेवू नकोस. त्यांना काय सांगायचं, सांगायचं की नाही, हे तुला सुचलं तर मला कळव, मला खरंच कळत नाही. रविवारी नेहमीसारखा फोन कर. आधी तेच घेतील. लगेच आईला द्या म्हणू नकोस. काहीही बोल, तिकडचा बर्फ, ऑफिस, ते संत्रं, पण जरा वेळ बोलत राहा. तू थांबलास की त्यांना ठीक म्हणावं लागतं.

तुझीच,
आई