घड्याळाचं दुसरं पान

३ जून

ती. मामा,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे मजेत. आईचा गुडघा बरा आहे, तुमच्यावरचा राग मात्र तसाच. दोन महिने पत्र नाही म्हणते. आमच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांना वडिलांचं जुनं घड्याळ विकायचं आहे. सोन्याचं, साठ वर्षांपूर्वीचं, नामांकित कंपनीचं. घ्यावं असं फार मनात आहे, पण तुम्ही पाहिल्याशिवाय नाही. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलेला मामा घरचाच असताना बाहेर कुणाला कशाला विचारू? शेजाऱ्यांबरोबर डबी पाठवतो आहे. मत लेखी कळवा, म्हणजे भावाचं बोलता येईल.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नका.

तुमचा,
ढब्बू

९ जून

चि. ढब्बूस,
अ. उ. आशीर्वाद.

घड्याळ पोचलं. आमच्या उस्तादांची शिस्त अशी, की गुण आधी सांगावेत आणि दोष मागाहून, म्हणजे गिऱ्हाईक दचकत नाही. तर गुण. केस अस्सल सोन्याची आहे. झाकणावरचा कंपनीचा शिक्का खरा. तीन दिवसांत जेमतेम मिनिटभर मागे पडलं. हातात घेतलं की खाली ठेववत नाही. कागद संपला, बाकीचं दुसऱ्या पानावर.

आता दोष. झाकण उघडलं आणि मला शिसारी आली. आत घामाचा काळा, चिकट थर. तो मी समजू शकतो, मळ माणसाचाच असतो. पण मशीन दुसऱ्याच कुठल्या हलक्या घड्याळाचं, बसेना म्हणून कानशीने घासून कोंबलेलं. तबकडी नव्याने रंगवलेली. नंबर खरवडून काढलेला. मढं नटवून बसवलंय, दुसरं काही नाही. घेऊ नकोस. डबी परत पाठवली आणि दोनदा साबणाने हात धुतले.

ताईला सांग, रागावण्यात ती लहानपणापासून पहिली येते.

तुझा,
मामा

२७ जुलै

भाचेसाहेब,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

काल दुकानात एक निवृत्त कंपाउंडर आले. लेकीच्या लग्नात जावयाला द्यायला घेतलेलं घड्याळ आठवड्यातच बंद पडलं होतं. डबी मी ओळखली. मग त्यांनी खिशातून माझं पत्र काढलं, त्यावरचाच पत्ता शोधत आले होते. पहिलं पान, तेवढंच; दुसऱ्यावर किरकोळ दोष आणि घरच्या गोष्टी आहेत, असं तू सांगितलंस म्हणे. मामाने भाच्याला लिहिलेलं, त्यात खोटं कशाला असेल, म्हणून डोळे मिटून घेतलं म्हणाले.

दुसरं पान दाखवून तू ते त्या गृहस्थांकडून मातीमोल घेतलंस आणि पहिलं दाखवून यांना सोन्याच्या भावात विकलंस, हे कळायला मला भिंग लागत नाही. तू माझ्या तोंडावर थुंकला असतास तर तोंड धुतलं असतं. हे कुठे धुऊ? तुझ्या नावाचीसुद्धा किळस येते आहे मला.

घड्याळ दुरुस्तीच्या नावाखाली ठेवून घेतलंय. त्यांना काही बोललो नाही, ते तू बोलायचंस. रविवारी लेक-जावई घरी असतात. तिथे जाऊन सगळ्यांसमोर दुसरं पान मोठ्याने वाच. पैसे त्यानंतर ठेव.

ताईला अजून कळवलेलं नाही.

मामा

५ ऑगस्ट

ती. मामा,
शि. सा. न.

वाचलं. कंपाउंडरसाहेबांना कमी ऐकू येतं, म्हणून पुन्हा, आणखी जोरात वाचायला लावलं. जावई सबंध वेळ खाली बघत होता. पैसे ठेवले, ते त्यांनी मोजले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, की घड्याळ विकायला आलो होतो आणि त्यांच्याकडे पोटभर खाऊन गेलो होतो, तेव्हा हे पान कुठे होतं. मी म्हणालो, खिशात.

त्यांच्या बायकोने माझ्यासमोरचा भरलेला चहाचा कप उचलला, आत नेला, आणि मोरीत ओतल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला.

आईला आज सांगणार आहे. लोभ मागत नाही.

ढब्बू